मुंबईत फळमाशीवरचा प्रकल्प: पहिल्या व्हायलपासून शेवटच्या मोजणीपर्यंत

प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर सुचवली जाते, तेव्हा केळ्यावर घोंगावणारी चिलटे पाळण्यात काय अवघड, असे म्हणून तो लगेच होकार देतो. माश्या जगवणे सोपेच आहे. प्रकल्प रखडतात ते तापमान आणि वेळ या दोन गोष्टींमुळे, आणि मुंबईत या दोन्ही गोष्टी आपल्या हातात फारशा नसतात. मे महिन्यातली खोली, पावसाळ्यातली दमट हवा, शनिवारी संध्याकाळी बंद होणारे वातानुकूलन यंत्र आणि कल्याण किंवा विरारहून लोकलने येणारा विद्यार्थी या सगळ्यांशी माशीच्या जीवनचक्राचा मेळ कसा घालायचा, हे सुरुवातीलाच कोणी सांगितले तर पहिला महिना वाया जात नाही. हा लेख त्यासाठी लिहिला आहे.

हाच प्राणी का निवडायचा, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. पंचवीस अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात आणि संपूर्ण जनुकसंचाचा क्रम २००० सालीच प्रसिद्ध झाला आहे. मानवी रोगांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांशी मिळतीजुळती जनुके या माशीत सापडतात. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. जैविक घड्याळाच्या ज्या कामाला २०१७ चे नोबेल मिळाले तेही याच माशीवरचे. मुंबईकरांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा केला. पुढे त्यांनी सेमूर बेंझर यांच्याबरोबर तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) माश्यांवर काम केले, आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या गंधज्ञानाचा अभ्यास इथूनच सुरू केला.

१. आधी कागद पूर्ण करा

माशी अपृष्ठवंशी असल्यामुळे उंदरांसाठी लागते तशी प्राणिनीतिसमितीची परवानगी साधारणपणे लागत नाही. तरीही प्रत्येक महाविद्यालयाचा रिवाज वेगळा असतो, म्हणून विभागप्रमुखांकडून ते लेखी घ्यावे. खालील कागद एका फाइलमध्ये जमा ठेवा.

– मार्गदर्शकांच्या सहीचा प्रकल्प आराखडा आणि विभागप्रमुखांचे पत्र.
– दुसऱ्या प्रयोगशाळेकडे स्टॉक (पिढ्यानपिढ्या जपलेला एकाच प्रकारच्या माश्यांचा संच) मागण्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवरचे पत्र, आणि त्यांनी मागितल्यास सामग्री हस्तांतरण करार.
– माश्या जनुकीयदृष्ट्या बदललेल्या असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार ती आवश्यक आहे, आणि समितीच्या बैठका रोज होत नाहीत.
– परदेशातून, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन स्टॉक सेंटरमधून, माश्या मागवायच्या असतील तर आयातीचे कागद. ते विद्यार्थ्याने स्वतः न करता संस्थेमार्फतच करावेत.

सहा महिन्यांच्या प्रकल्पासाठी परदेशी स्टॉकच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या प्रयोगांना लागणारे व्हाइट (पांढरे डोळे), व्हेस्टिजिअल (आखूड पंख), एबोनी (काळे शरीर), बार (अरुंद पट्टीसारखे डोळे) आणि कर्ली (वळलेले पंख) हे उत्परिवर्ती प्रकार भारतातल्या प्रयोगशाळांकडे असतात. बंगळुरूला तर माश्यांसाठी स्वतंत्र सुविधाच आहे.

२. खाद्य शिजवण्याआधी तापमान पक्के करा

बी.ओ.डी. इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारे कपाट) २५ अंशांवर लावा, आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा त्या थर्मामीटरवर विश्वास ठेवा. पंचवीसला १० दिवसांत पुरी होणारी पिढी १८ अंशांवर साधारण दुप्पट वेळ घेते. तीस अंशांच्या आसपास वाढलेले नर वंध्य होऊ लागतात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या टेबलावर ठेवलेल्या व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीत) माश्या जिवंत दिसतील, मिलनही करतील, पण पुढची पिढी येणार नाही. व्हेस्टिजिअल माश्यांचे आखूड पंखही जास्त तापमानात वाढल्यास लांब होतात, आणि नवखा विद्यार्थी स्टॉकमध्ये भेसळ झाली समजून तो फेकून देतो.

खोलीच्या वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर राहू नका, कारण कोणीतरी सुट्टीच्या दिवशी ते हमखास बंद करतो. इन्क्युबेटरच्या प्लगवर "बंद करू नये" अशी मराठी, हिंदी आणि इंग्रजीतली चिठ्ठी चिकटवा आणि शिपाईमामांना प्रत्यक्ष भेटून सांगा. या दुसऱ्या उपायाचा उपयोग जास्त होतो.

कीटकनाशकाचा धोका नवख्यांच्या लक्षातच येत नाही. पावसाळ्यात डासांसाठी महापालिकेची धूरफवारणी होते, महाविद्यालयही अधूनमधून पेस्ट कंट्रोल करून घेते, आणि डासांवर चालणारी रसायने आपल्या माश्यांवरही तितकीच चालतात. फवारणीची तारीख कार्यालयातून आधी विचारून घ्या, त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा आणि माश्यांच्या खोलीत डासांची मॅट किंवा कॉइल कधीही लावू देऊ नका.

३. सामान आणा

काचेच्या व्हायल आणि बाटल्या, शून्य क्रमांकाचा मऊ रंगकामाचा ब्रश, पांढरी टाइल, स्टिरिओ मायक्रोस्कोप, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल आणि साबणाच्या पाण्याची एक बाटली एवढ्यावर काम सुरू होते. काचसामान आणि रसायने प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळतात; विभागाचे पत्र आणि पक्के बिल दोन्हींचा आग्रह धरा, नाहीतर पैसे परत मिळताना अडचण येते. व्हायलच्या तोंडाला लावायच्या बोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातला पाणी शोषणारा कापूस घेऊ नका. तो दमट हवेत ओला होतो आणि त्यावर बुरशी धरते. पाणी न शोषणारा कापूस वेगळा मागावा लागतो. खुणा पेन्सिलनेच करा, कारण मार्करची शाई अल्कोहोलचा थेंब पडताच पुसली जाते आणि मग वीस सारख्या दिसणाऱ्या व्हायल समोर उरतात.

४. खाद्य शिजवा

एक लिटर खाद्याचे सर्वसाधारण प्रमाण असे आहे: मक्याचे पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, सुके यीस्ट १५ ग्रॅम, आगार ८ ग्रॅम, प्रोपिऑनिक आम्ल ४ मिलि, आणि ५ मिलि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले निपाजिन १ ग्रॅम. आपल्या प्रयोगशाळेचे प्रमाण थोडे वेगळे असेल तर तेच वापरा आणि मधेच बदलू नका, कारण खाद्य बदलले की वाढीचा वेगही बदलतो.

वाण्याकडे कॉर्नफ्लोअर मागितले की तो पांढऱ्या मक्याच्या स्टार्चचे पाकीट देतो. ते चालत नाही. पिवळसर, रवाळ मक्याचे पीठच हवे. आगार थंड पाण्यात कालवून मग उकळी आणावी. पीठ वेगळ्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून घ्यावे आणि उकळत्या आगारात बारीक धारेने सोडत सतत ढवळावे. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटांत ते पातळ पिठल्याइतके दाट होते. पीठ कच्चे राहिले तर ते तळाशी बसते, वर पाणी सुटते आणि माश्या त्यात बुडतात.

आच बंद केल्यावर खाद्य साठ अंशांच्या आसपास येऊ द्या आणि मगच प्रोपिऑनिक आम्ल आणि निपाजिन घाला. ही दोन्ही बुरशीरोधके आहेत. उकळत्या खाद्यात ती घातली तर अल्कोहोल आणि आम्ल वाफेबरोबर उडून जाते, आणि बुरशी येते म्हणून दुप्पट घातली तर अळ्यांची वाढ खुंटते. आम्लाचा वास झोंबणारा असतो, त्यामुळे हे काम खिडकीजवळ किंवा फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून करावे.

प्रत्येक व्हायलमध्ये सात-आठ मिलि खाद्य ओता, वर स्वच्छ मलमल पसरा आणि रात्रभर वाफ जाऊ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत काचेवरचे थेंब सुकत नाहीत. अशा वेळी पंखा लावून ठेवावा, आगार एक-दोन ग्रॅम वाढवावे, आणि माश्या सोडण्यापूर्वी व्हायल उपडी करून थेंब ओघळतो का ते पाहावे. मलमल नीट झाकली नाही तर इमारतीतली मोकळी चिलटे रात्रीतच अंडी घालतात, आणि दहा दिवसांनी आपल्या क्रॉसमध्ये (ठरवून केलेल्या नर-मादीच्या संकरात) परके पाहुणे निघतात.

५. स्टॉक मिळवा, बाजारातल्या माश्यांवर विसंबू नका

क्रॉफर्ड मार्केट किंवा दादरच्या मंडईतून पिकलेल्या केळ्याच्या सापळ्याने माश्या पकडणे हा छान अनुभव आहे आणि एकदा जरूर घ्यावा. पण तिथे मिळालेली प्रत्येक माशी मेलॅनोगॅस्टर नसते. डोक्यावर आणि पाठीवर रुपेरी पांढऱ्या रेघा असतील तर ती झॅप्रिओनस इंडिएनस. आपल्या उष्ण शहरांत ड्रोसोफिला अननासी ही प्रजातीही भरपूर सापडते. तिच्या नराच्या पोटाचे टोक मेलॅनोगॅस्टरच्या नरासारखे काळे नसते. हा फरक कामाचा आहे, कारण मेलॅनोगॅस्टरच्या नरात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होत नाही आणि अननासीच्या नरात ती होते. सहलग्नतेचा (एकाच गुणसूत्रावरची जनुके किती वेळा एकत्र पुढे जातात याचा) प्रयोग चुकीच्या प्रजातीवर केला तर आकडे कधीच जुळणार नाहीत. कोकणातल्या हापूसमध्ये अंडी घालणारी फळमाशी तर वेगळ्याच कुळातली आहे, तिच्याविषयीची कृषी विभागाची माहिती इथे उपयोगी पडत नाही.

बाहेरून आलेला स्टॉक थेट इन्क्युबेटरमध्ये ठेवू नये. दोन पिढ्या वेगळ्या खोलीत वाढवा आणि दर वेळी बोळ्याची खालची बाजू मायक्रोस्कोपखाली पाहा. तिथे पांढरे, सरपटणारे ठिपके दिसले तर ते माइट (कोळ्याच्या वर्गातले अगदी बारीक जीव) आहेत, आणि एका व्हायलमधून ते साऱ्या संग्रहात पसरतात.

६. बेशुद्ध करा आणि नर-मादी ओळखा

ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश आहे, म्हणजे मुंबईतल्या उन्हाळ्याच्या दुपारी तो बाटलीतच उकळण्याच्या बेतात असतो. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर तोच वापरावा आणि माश्या पॅडवर दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत. दोन्ही नसेल तर बर्फावर ठेवलेली काचेची बशी पुरते, मात्र मुंबईच्या हवेत तिच्यावर लगेच दव धरते, म्हणून वर टिपकागद ठेवावा. ईथर वापरलाच आणि माशीचे पंख शरीराशी काटकोनात उभे राहिले तर ती मेली असे समजावे.

नर आकाराने लहान, पोटाचे टोक गोलसर आणि काळे. मादी मोठी, पोट टोकदार आणि टोकापर्यंत पट्टे. ताज्या, फिकट माश्यांत रंगावरून फसगत होते. अशा वेळी पुढच्या पायावरचा काळा कंगवा पाहा. तो फक्त नराला असतो आणि पहिल्या दिवसापासून दिसतो. बेशुद्ध माश्या व्हायलमध्ये घालताना व्हायल आडवी ठेवा आणि त्या चालू लागेपर्यंत आडवीच राहू द्या, नाहीतर पंख खाद्याला चिकटतात.

७. व्हर्जिन माद्या गोळा करणे

सगळा प्रकल्प या पायरीवर उभा असतो, त्यामुळे इथे घाई नको. मादी एकदा मिलन झाल्यावर शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि कित्येक दिवस तेच वापरते. म्हणून आपण दिलेल्या नराचीच संतती हवी असेल तर मादी आधी मिलन न झालेली असली पाहिजे. पंचवीस अंशांवर कोषातून बाहेर आलेली मादी साधारण पहिले आठ तास मिलन करत नाही. १८ अंशांवर हा अवधी जवळपास दुप्पट होतो.

पुस्तकात दिलेली पद्धत अशी: सकाळी व्हायलमधल्या सगळ्या प्रौढ माश्या काढून टाका आणि आठ तासांच्या आत नवीन आलेल्या माद्या वेचा. पण बहुतेक माश्या पहाटे, उजेड होण्याच्या सुमारास बाहेर पडतात, आणि त्या वेळी आपण फलाटावर उभे असतो. यावर मुंबईत चालणारा तोडगा असा आहे. संध्याकाळी निघताना, समजा सहा वाजता, व्हायल पूर्ण रिकामी करा. काचेला चिकटलेली एकही माशी राहता कामा नये. ती व्हायल रात्रभर १८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि सकाळी दहापर्यंत, म्हणजे सोळा तासांच्या आत, येऊन माद्या वेचा. त्यानंतर व्हायल २५ अंशांवर ठेवून निघण्यापूर्वी दुसरी खेप घ्या. लोकल बंद पडली आणि दुपारी बारा वाजले तर त्या खेपेतल्या माद्या सोडून द्या. वाया गेलेली एक सकाळ वाया गेलेल्या पिढीपेक्षा स्वस्त पडते.

वेचताना आणखी एक खूण पाहा. नुकत्या बाहेर आलेल्या मादीचा रंग फिकट असतो, पंख कधी कधी अजून घडीतच असतात आणि पोटाच्या खालच्या बाजूला, कातडीआडून, एक गडद हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो कोषावस्थेतला मळ असतो आणि काही तासांत नाहीसा होतो. ठिपका दिसला की वेळेचा हिशेब न करताही मादी निःशंक घ्यावी.

वेचलेल्या माद्या नरांविना तीन-चार दिवस वेगळ्या व्हायलमध्ये ठेवा. त्या अंडी घालतील, पण फलन न झालेल्या अंड्यांतून अळ्या निघत नाहीत. खाद्यात अळीचा एकही माग दिसला तर ती सगळी व्हायल बाद.

मात्र १८ अंशांचा वापर रात्रीपुरताच ठेवा. कर्ली ही खूण कमी तापमानात वाढलेल्या माश्यांत फिकी पडते, पंख जवळपास सरळ दिसतात, आणि बॅलन्सर गुणसूत्र (तुकड्यांची अदलाबदल रोखणारे, कर्लीसारखी खूण असलेले खास गुणसूत्र) असलेली माशी ओळखू येत नाही.

८. क्रॉस लावा

पाच-सहा व्हर्जिन माद्या आणि तितकेच नर एका व्हायलमध्ये पुरतात. जास्त घातले तर अळ्यांची गर्दी होते आणि माश्या खुरट्या निघतात. दिवस ठरवताना कॅलेंडर समोर घ्या: सोमवारी लावलेल्या क्रॉसमधले पालक पुढच्या सोमवारी काढून टाकायचे आणि त्याच आठवड्याच्या गुरुवारी-शुक्रवारी पहिली पिढी येऊ लागते. पालक वेळेवर काढले नाहीत तर ते आणि त्यांची मुले एकमेकांत मिसळतात.

पहिला क्रॉस म्हणून पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर घ्यावा, कारण तो आपले काम आपोआप तपासून देतो. व्हाइट जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पहिल्या पिढीत सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या आणि सगळी मुले पांढऱ्या डोळ्यांची यायला हवीत. पांढऱ्या डोळ्यांच्या मुली चार-पाच निघाल्या तर कारण जवळजवळ नेहमी एकच असते: आई व्हर्जिन नव्हती. गुणसूत्रे विलग न झाल्यामुळे अशी मुलगी निघू शकते, हे कॅल्विन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये दाखवले, परंतु ती घटना दुर्मीळ आहे आणि तिचा आधार घेऊन वहीतली चूक झाकू नये.

सहलग्नता मोजायची असेल तर संकरित व्यक्ती मादीच हवी. संकरित नर घेतला तर नव्या जुळणीच्या माश्या एकही येणार नाहीत.

९. मोजा

मोजणी पहिल्या माश्या आल्यापासून आठवडाभर रोज करा आणि क्रॉस लावल्यापासून सतराव्या-अठराव्या दिवशी थांबा, कारण त्यानंतर पुढची पिढी मिसळू लागते. पहिल्या दोन दिवसांतच मोजणी आटोपली तर उशिरा बाहेर येणारे उत्परिवर्ती प्रकार कमी भरतात.

समजा, व्हेस्टिजिअलच्या दुसऱ्या पिढीत ४०० माश्यांपैकी ३१८ लांब पंखांच्या आणि ८२ आखूड पंखांच्या मिळाल्या. मेंडेलच्या ३:१ प्रमाणाने अपेक्षा ३०० आणि १०० ची. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक तपासणारी कसोटी) काढला तर १.०८ अधिक ३.२४, म्हणजे ४.३२ येतो. एका स्वातंत्र्यकक्षेसाठी (डिग्री ऑफ फ्रीडम) पाच टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे फरक लक्षणीय ठरतो. अशा वेळी मेंडेलचा नियम मोडला असे लिहू नका आणि आकडेही "दुरुस्त" करू नका. खाद्यात चिकटून मेलेल्या माश्या मोजा, रिकामे आणि भरलेले कोष मोजा. आखूड पंखांच्या माश्या खाद्यावर पडून जास्त मरतात, आणि ते मेलेल्यांच्या संख्येवरून दाखवता आले तर प्रबंधातले ते सर्वांत चांगले पान ठरते.

१०. सुट्ट्यांत स्टॉक सांभाळा

प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती ठेवा, त्या वेगवेगळ्या दिवशी नव्या खाद्यावर बदला आणि शक्य असल्यास वेगवेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. पंचवीसला दर दोन आठवड्यांनी आणि अठराला साधारण महिन्याने बदल करावा लागतो. गणपती किंवा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सगळे स्टॉक ताज्या खाद्यावर घालून १८ अंशांवर न्या, आणि चालू क्रॉसची मोजणी सुट्टीत येणार नाही अशी तारीख आधीच निवडा. महिन्याहून जुन्या व्हायल जपून ठेवू नका. माइट आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

टाकाऊ व्हायल धुण्यापूर्वी रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत माश्या बेसिनमध्ये ओतल्या तर त्या उपाहारगृहापर्यंत पोहोचतात आणि तक्रार विभागप्रमुखांकडे येते. खोलीत सुटलेल्या माश्यांसाठी व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घातलेली एक वाटी कायम ठेवावी. प्रकल्प संपल्यावर स्टॉकची यादी, प्रत्येकाचा जनुकप्रकार, तो कुठून आला आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला केला, हे लिहून पुढच्या तुकडीच्या हातात द्या, आणि त्यांच्यासमोर एकदा सगळे स्टॉक बदलून दाखवा.